एक सही असताना दुसरी घ्यावी का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्रिकेटचा हंगाम जवळ आला की खेळाडूंच्या सह्या असलेल्या बॅटी, चेंडू, जर्सी आणि छायाचित्रे विकणाऱ्या जाहिरातींची मोबाइलवर रीघ लागते. मी गेली अनेक वर्षे अशा सह्या जमवत आलो आहे. हे ठाऊक असल्यामुळे शहरातील काही तरुण माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात आणि अलीकडे त्यांपैकी बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: एखाद्या खेळाडूची सही आपल्याकडे असताना त्याच खेळाडूच्या सहीची दुसरी वस्तू, म्हणजे संग्राहकांच्या भाषेत 'डुप्लिकेट', घ्यावी की घेऊ नये? सोलापूरच्या बाजारात डुप्लिकेट म्हणजे नकली. सोलापुरी चादरीच्या नावावर बाहेरचा माल खपताना पाहिलेल्या आपल्या गावाला तो अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. संग्राहकाला मात्र त्या शब्दातून जादाची, पण अस्सल प्रत अभिप्रेत असते. हे दोन अर्थ एकमेकांच्या किती जवळ राहतात, ते मी पदरचे पैसे घालवून शिकलो आहे.

सुमारे दहा वर्षांपूर्वी मी एका नामवंत फलंदाजाचे सही केलेले छायाचित्र साडेचार हजार रुपयांना घेतले. काही महिन्यांनी त्याच विक्रेत्याने तशाच छायाचित्राची दुसरी प्रत तीन हजारांत देऊ केली आणि "एक आहे ना घरात, मग दुसरं कशाला?" हा घरचा प्रश्न कानाआड करून मी तीही घेतली. दोन्ही प्रती एकमेकींवर ठेवून खिडकीच्या काचेला लावल्या, तेव्हा सह्या इतक्या नेमक्या जुळल्या की मला आनंदच झाला. शेवटच्या अक्षराची खाली ओढलेली शेपटी, मध्ये पेन उचलल्याची फट, सहीखालच्या रेघेचे टोक, सगळे जागच्या जागी होते. बँकेत खातेदारांच्या सह्या पडताळण्यात ज्यांची उभी नोकरी सरली, असे माझे एक स्नेही त्या वेळी घरी बसले होते. ते हसले आणि म्हणाले, "जुळल्या म्हणूनच खोट्या आहेत." चेकवरची सही नमुन्याशी मिळतीजुळती असावी लागते, पण ती केसभरही न हलता नमुन्यावर बसली तर ती गिरवल्याचा संशय घ्यावा लागतो, कारण माणसाचा हात तीच सही दोनदा हुबेहूब करू शकत नाही. नंतर भिंगातून पाहिले, तर सहीची रेघही छायाचित्राप्रमाणेच छपाईच्या बारीक रंगीत ठिपक्यांची बनलेली होती. चकचकीत कागदावर मार्करची शाई वर बसते आणि कागद तिरपा धरला की तिची चमक वेगळी कळते. इथे तसे काहीच नव्हते. विक्रेत्याने त्यानंतर फोन उचलला नाही. एकच प्रत घेतली असती तर ती आजही आमच्या दिवाणखान्यात मानाने लटकत राहिली असती, हेही खरे.

दोन्ही छायाचित्रांसोबत अस्सलपणाचे प्रमाणपत्र आणि चमचमता होलोग्राम होता. अमेरिकेत १९९० च्या दशकात 'ऑपरेशन बुलपेन' या नावाने एफबीआयने बनावट सह्यांच्या धंद्याचा माग काढला, तेव्हा त्या मालासोबतही प्रमाणपत्रे दिली जात असल्याचे उघड झाले. तिथे मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा सापडले होते! तेव्हा सही कोणासमोर, कुठे आणि केव्हा झाली, हे सांगता न येणाऱ्या विक्रेत्याकडून पहिली वस्तूही घेऊ नये. दुसरी तर दूरच राहिली.

समजा, सही अस्सल आहे. तरीही आज खेळत असलेल्या खेळाडूची तीच सही, तशाच छायाचित्रावर, पुन्हा घेण्यात मला अर्थ दिसत नाही, कारण असे खेळाडू करारानुसार एका बैठकीत शेकडो सह्या करून देऊ शकतात आणि पुढची अनेक वर्षे करत राहतील. 'गुंतवणूक' हा शब्द विक्रेते सढळ हाताने वापरतात. मात्र विकायची वेळ आली की आपल्या शहरात गिऱ्हाईक शोधावे लागते आणि एकसारख्या दोन वस्तू एकदम पुढे केल्या की पहिलीचाही भाव पडतो. खेळाडू हयात नाही म्हणून सही दुर्मीळ, हेही सरसकट धरून चालू नये. सर डॉन ब्रॅडमन २००१ मध्ये गेले. पण चाहत्यांच्या पत्रांना उत्तरे देत त्यांनी आयुष्यभर इतक्या सह्या केल्या की त्या आजही बऱ्यापैकी मिळतात. एक प्रत भिंतीवर लावायला आणि एक कपाटात ठेवायला, हे कारणही मला पुष्कळदा ऐकवले जाते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात प्रकाश येणाऱ्या भिंतीवर मार्करची सही फिकी पडते, ही भीती रास्त आहे, परंतु त्यावर चांगली रंगीत झेरॉक्स पुरते. ती भिंतीवर लावावी आणि मूळ प्रत अंधारात ठेवावी. तिला लॅमिनेशन मात्र करू नये.

मग दुसरी प्रत कधी घ्यावी? अदलाबदलीसाठी घेण्यास माझी हरकत नाही. पोस्टाची तिकिटे जमवणारे आपले जुने लोक हेच करत आले. त्याखेरीज पहिलीत नसलेले काही दुसरीत असेल, तर ती घ्यावी. ज्यांचे बालपण सोलापुरात गेले, त्या पॉली उम्रीगर यांचे उदाहरण घेतो. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा करून कसोटीत द्विशतक झळकावणारे ते पहिले भारतीय ठरले आणि २००६ मध्ये त्यांचे निधन झाले. माझ्याकडे त्यांची एक सही आहे, जुन्या वहीच्या पानावर शाईपेनाने केलेली, उजवीकडे किंचित फुटलेली. उतारवयात बॉलपेनाने केलेली सही तिच्याशेजारी ठेवली तर अक्षराचे वळण कसे बदलत गेले ते दिसेल आणि एकीवरून दुसरीची पारखही करता येईल. अशी एक सही नुकतीच मला देऊ करण्यात आली आहे. ती कोणाच्या वहीतून निघाली, हे मी विक्रेत्याला लेखी विचारले आहे आणि उत्तर येईपर्यंत पैसे पाठवणार नाही.

आपला,
एक संग्राहक, सोलापूर