सुया टोचा, पण गोळी कशाला नाकारता?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ॲक्युपंक्चरने नशा सोडवण्याचा लेख वाचला. उत्साह दांडगा, माहिती बेताची.

1972 साली हाँगकाँगच्या डॉ. वेन यांना अफूच्या व्यसनी रुग्णाची तगमग सुयांनी कमी झालेली दिसली, हे खरं. पण त्या सुयांतून वीजप्रवाह सोडला होता आणि त्या लावल्या होत्या शस्त्रक्रियेच्या भूलीसाठी. तेवढ्यावरून ‘औषधाविना व्यसनमुक्ती’ असा मथळा देता? धन्य आहे.

माझ्या धाकट्या भावाला अपघातानंतर ट्रॅमाडॉल या अफूवर्गीय वेदनाशामकाच्या गोळ्या लागल्या, त्या सुटेनात. इथल्याच एका केंद्रात दोन्ही कानांत पाच-पाच सुया टोचून त्याला खुर्चीत बसवून ठेवत. सुया असेपर्यंत तो शांत असायचा, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण रात्री टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरची तगमग, आली की नाक गळतंय, अंगावर काटा, पाय एकसारखे झाडतोय, चादर घामानं चिंब. ब्युप्रेनॉर्फिनचं, म्हणजे ही तगमग शमवणाऱ्या अफूवर्गीयच औषधाचं, विचारलं तर तिथले सर म्हणाले, “ताई, एक नशा सोडून दुसरी कशाला लावताय?” आणि पुढच्या बैठकांचं पॅकेज समोर ठेवलं. पैसे आगाऊ, पावती नाही. शेवटी मनोविकारतज्ज्ञांनी तीच गोळी जिभेखाली ठेवायला दिली. संध्याकाळी पोरानं स्वतःहून वरणभात मागितला.

सुयांनी बरं वाटत असेल तर औषधाच्या जोडीला खुशाल टोचा. पण टर्की निघून गेली की मोठी मात्रा सोसायची शरीराची सवयही मोडते आणि मग जुन्याच मात्रेनं माणूस दगावू शकतो, यावर तुमच्या अख्ख्या पानात एक ओळ नाही. एका खासगी केंद्राचा मोबाइल नंबर मात्र ठळक! सरकारी हेल्पलाइन 14446 छापायला किती शाई लागली असती?

आणि ॲक्युपंक्चर भारतात आणल्याचं श्रेय देऊन कोटणीसांना यात कशाला ओढलंत? डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1942 सालीच चीनमध्ये वारले. ॲक्युपंक्चर शिकून भारतात आणलं ते त्यांच्यासोबत चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातल्या डॉ. बसूंनी, 1959 मध्ये. मी सोलापूरची आहे, निदान कोटणीसांबद्दल तरी आम्हाला काहीबाही सांगू नका.

जाता जाता, पुरवणीतला मजकूर करड्या रंगावर छापणं बंद करा. चष्मा लावूनही दिसत नाही.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे