फोटोतल्या पक्ष्याविषयी

व्हिरोक्वा, विस्कॉन्सिन
१२ मे

तीर्थस्वरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

माझी प्रकृती उत्तम आहे. बर्फ केव्हाच वितळला असून टेकड्या हिरव्या होऊ लागल्या आहेत. नोकरी आणि जेवणखाण यांविषयी दर रविवारी फोनवर बोलणे होतेच, म्हणून ते येथे पुन्हा लिहीत नाही. गेल्या रविवारी मात्र बाबा नेहमीपेक्षा फारच कमी बोलले आणि आईने दोनदा विचारले, की तो फोटो खरा आहे का. ताईने तो दाखवला याचा मला मुळीच राग नाही. तुम्हाला स्वतःहून सांगण्याचे धाडस होत नव्हते, म्हणूनच मी तो तिला पाठवला होता. फोटो खरा आहे. तो रानातला टर्की नर आहे आणि तो मी धनुष्यबाणाने मारला.

आई, तुझी पहिली काळजी जिवाची आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. येथे कोणीही उठून रानात जाऊ शकत नाही. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला या राज्यात शिकारीचा परवाना घ्यायचा असेल, तर सुरक्षिततेचे शिक्षण पूर्ण केल्याचा दाखला लागतो, आणि तो मी रीतसर मिळवला आहे. मी ज्याच्या शेतात जातो तो शेजारचा, गाई पाळणारा वयस्कर शेतकरी आहे. मी कोठे बसणार हे त्याला ठाऊक असते आणि त्याच्या परवानगीवाचून मी कुंपण ओलांडत नाही. त्या शिक्षणात एक गोष्ट बजावून सांगतात, की रानात तांबडा, पांढरा किंवा निळा रंग अंगावर नसावा, कारण नर टर्कीच्या डोक्याचे हेच तीन रंग असतात आणि झाडीतून दिसलेला तांबडा ठिपका पाहून दुसरा शिकारी फसू शकतो. तू विणून पाठवलेली तांबडी कानटोपी म्हणूनच मी रानात नेत नाही. ती मी कामावर जाताना रोज घालतो, हे तुला कळावे म्हणून मुद्दाम लिहितो.

ताईने विचारले होते, की हे गिधाड आहे की मोर. दोन्हीही नाही. बाबांना इतिहासाची आवड आहे म्हणून सांगतो, की हा पक्षी मूळचा अमेरिकेतला असला तरी आपल्याकडे तो चारशे वर्षांपूर्वी गोव्याच्या बंदरातून येऊन गेलेला आहे. जहांगीर बादशहाने मुकर्रबखान या आपल्या सरदाराला गोव्यास पाठवले होते आणि तेथून त्याने १६१२ साली जी नवलाची जनावरे आणली, त्यांत हा होता. बादशहाच्या सांगण्यावरून मन्सूर या चित्रकाराने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. उलट या विस्कॉन्सिनमध्ये जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत एकही पक्षी उरला नव्हता. १९७६ साली मिझूरी राज्यातून पकडून आणलेले पक्षी याच आमच्या व्हर्नन काउंटीत सोडण्यात आले आणि त्यांच्या बदल्यात विस्कॉन्सिनने मिझूरीला आपल्याकडचे ग्राउस नावाचे कोंबडीसारखे रानपक्षी दिले. १९८३ साली पक्षी पुरेसे वाढल्यावर वसंतातली पहिली शिकार सुरू झाली. संपलेला पक्षी परत आणणाऱ्या या लोकांना मी नुसते मारेकरी म्हणू शकत नाही, आणि बाबा, तुम्हीही तसे म्हणू नये अशी माझी विनंती आहे.

आता जी गोष्ट मला स्वतःला समजायला दोन वर्षे लागली, ती सविस्तर लिहितो. येथे बंदूक चालते आणि छर्‍याच्या बंदुकीने चाळीस पावलांवरूनही टर्की पडतो. तरीही काही माणसे हट्टाने धनुष्य घेतात, आणि त्यासाठी पक्षी पंधरा-वीस पावलांवर यावा लागतो. या पक्ष्याला वासाचे ज्ञान फारसे नसते, परंतु डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे जवळजवळ सगळीकडचे दिसते आणि रंगही ओळखू येतात. आपण नुसता हात हलवला तरी तो नाहीसा होतो. त्याच्यामागे जाणे व्यर्थ असते, त्याला बोलवावे लागते. एरवी नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. शिकारी मादीचा आवाज काढून नराने उलट आपल्याकडे यावे असे पाहतो, म्हणजे निसर्गाचा रिवाजच फिरवू पाहतो, आणि त्यामुळे दहांतल्या आठ-नऊ सकाळी माणूस रिकाम्या हाताने परततो. आवाज काढण्यासाठी माझ्याकडे लाकडाची एक लांबट डबी आहे. तिच्या झाकणाला खडू लावून ते डबीच्या कडेवर हलके घासले, की मादीच्या हाकेसारखा किरकिरा, तुटक आवाज निघतो. मी तो हिवाळाभर खोलीत घासून शिकलो. जास्त वाजवला की पक्षी जागीच उभा राहून वाट पाहतो, म्हणून गप्प बसणे हेच त्यातले अर्धे कसब आहे.

धनुष्यही तुम्ही चित्रात पाहता तसे नाही. त्याच्या दोन्ही टोकांना कप्प्या असतात. माझे धनुष्य ओढायला पंचावन्न पौंडांचा जोर लागतो, पण दोरी पूर्ण मागे आली की हातावर जेमतेम दहा-अकरा पौंड उरतात, त्यामुळे नेम धरून थोडा वेळ थांबता येते. एवढा मोठा दिसणारा पक्षी म्हणजे बहुतेक पिसेच असतात आणि बाणाने तत्काळ मरण येईल अशी जागा मुठीएवढी असते. ती कोठे आहे हे पक्षी कोणत्या बाजूला वळला आहे यावर अवलंबून असते.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. गेल्या वर्षी मी घाई केली. नर पिसारा फुलवून उभा होता, पिसांच्या फुगवट्यामुळे अंग नेमके कोठे आहे हे कळले नाही आणि बाण मागच्या बाजूला लागला. तो झाडीत पळाला. मी दुपारपर्यंत एकटा आणि नंतर त्या म्हाताऱ्यासह अंधार पडेपर्यंत ओढ्याच्या दोन्ही काठांनी शोधले, पण तीन पिसांखेरीज काही सापडले नाही. त्या रविवारी मी तुम्हाला फोन केला नव्हता आणि दुसऱ्या दिवशी काम जास्त होते असे सांगितले. ते खोटे होते. त्यानंतर वर्षभर मी रोज संध्याकाळी पेंढ्याच्या गठ्ठ्यावर नेम धरण्याचा सराव केला आणि ठरवले, की पक्षी अगदी आडवा उभा राहिल्याशिवाय बाण सोडायचा नाही.

यंदा मला सोडतीत दुसऱ्या आठवड्याचा परवाना मिळाला. येथे एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारपासून सात-सात दिवसांचे सहा हप्ते असतात आणि परवाना एकाच हप्त्याचा व एकाच विभागाचा असतो. चौथ्या दिवशी पहाटे मी आतून काळ्या असलेल्या लहान तंबूत काळा सदरा घालून बसलो होतो. घुबड बोलले आणि त्याला उत्तर दिल्यासारखा समोरच्या ओक झाडावरून नर गडगडला. हे पक्षी रात्री झाडावर झोपतात. उजाडल्यावर तो खाली उतरला आणि मी दोनदाच डबी घासली. तो पाऊण तासाने आला. मी मांडलेल्या नकली मादीभोवती पंख जमिनीला घासत तो फिरू लागला आणि त्याच्या छातीतून निघणारा घुमारा मला कानापेक्षा बरगड्यांत जाणवत होता. डोके आधी पांढरे होते, मग मान तांबडी झाली, डोळ्यांभोवती आपल्या नीळकंठाच्या पंखासारखा निळा रंग चढला आणि चोचीवरची मांसल दोरी बोटभर लांब होऊन लोंबू लागली. तो पाठमोरा झाला आणि पिसाऱ्याआड त्याचे स्वतःचेच डोके झाकले गेले. तेवढ्याच क्षणात धनुष्य ओढता येते. मी ओढून धरले आणि तो आडवा वळेपर्यंत थांबलो. पंखाच्या मुळाशी बाण लागला आणि तो वीस पावलांवर पडला. मी जवळ गेलो तेव्हा डोक्यावरचा निळा रंग उतरत होता. मी हात जोडले. दुसरे काय करावे हे मला सुचले नाही.

त्याची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सरकारकडे करावी लागते, ती केली. तो साडेनऊ किलोंचा होता. अर्धे मांस मी त्या म्हाताऱ्याच्या घरी दिले. उरलेल्याचा रस्सा तू पाठवलेल्या कांदा-लसूण मसाल्यात केला. हे वाचून तुला वाईट वाटेल हे मी जाणतो, पण लपवले असते तर मला अधिक वाईट वाटले असते.

बाबा, आजोबा गोफण आणि कुत्री घेऊन सशांमागे जात हे तुम्हीच सांगितले आहे, आणि माळ घातल्यावर तुम्ही घरातले ते सगळे बंद केले हेही मला आठवते. तुमच्या माळेचा अपमान करण्याचा माझा हेतू नाही. एकादशीला मी रानात पाऊल टाकलेले नाही. दुकानात पिशवीत बांधून मिळणारी कोंबडी मी येथे आल्यापासून खात होतो आणि त्याबद्दल घरात कोणी विचारले नाही. जे खातो ते कसे मरते हे एकदा तरी स्वतःच्या हातांनी पाहावे, असे मला वाटले.

पैशांविषयी काळजी करू नका. धनुष्य जुने घेतले आहे आणि त्याचे पैसे जादा पाळ्या करून फेडले. परवान्याचा खर्च किरकोळ असतो आणि तो पैसाही रानासाठीच लागतो. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी राज्यांना मिळतो, आणि पुढे तो धनुष्यबाणांवरही लागू झाला. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता आणि बाबांच्या मोतीबिंदूचे पैसे याच महिन्यात ताईच्या खात्यावर येतील. आषाढीला मात्र यंदाही येता येणार नाही. रजा डिसेंबरमध्येच मिळते आहे. बाबा दिंडीत एकटे चालतील हे मनातून जात नाही, म्हणून या वर्षी भावजींनी त्यांच्यासोबत जावे, मी त्यांना वेगळे लिहितो.

कराडच्या स्थळाविषयी माझी हरकत नाही. मुलीचा फोटो आवडला आणि तिचे पत्र त्याहून आवडले. परंतु तिच्या घरीही माळकरी मंडळी आहेत, असे आईने सांगितले. तेव्हा पुढे बोलणी करण्याआधी माझा हा फोटो त्यांना दाखवावा. ताईने नव्हे, बाबांनी दाखवावा. त्यावर त्यांनी नकार दिला तर मी तो मान्य करीन.

सर्वांना नमस्कार, ताईच्या मुलांना आशीर्वाद.

आपला,
धाकटा

ता. क. बाबा, डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली तर पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघे यावे. तुमच्यासाठी एक कढई, तवा आणि दोन पातेली वेगळी आणून ठेवली आहेत. त्यांवरचे दुकानाचे कागदही मी अजून काढलेले नाहीत.