वाजवणारा माणूस हवाच

संपादक साहेब,
२०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुलनी थेट लॉस एंजेलिसला जाऊन ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला, आणि तो थिएटरात ऐकताना अंगावर काटा आला होता हो! चाळीस व्हायोलिन एकत्र वाजतात तेव्हा प्रत्येकाचा बो (गज) किंचित वेगळा पडतो, त्यातूनच ती भरीव ओल येते, की-बोर्डवर एकच सॅम्पल, म्हणजे आधी रेकॉर्ड करून ठेवलेला सूर, दाबून ती कशी येणार? आपल्याकडे तर सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशी गोव्याची मंडळी पूर्वी मुंबईत सिनेमाच्या गाण्यांसाठी असा ऑर्केस्ट्रा बांधायचं काम करायची, पण टायटल्समध्ये नाव क्वचितच. आता निर्माते खरे वादक न घेण्यासाठी बजेटचं कारण सांगतात. निदान सोलो बासरी, सनई तरी खऱ्या माणसाकडून वाजवून घ्या, आणि त्याचं नाव पडद्यावर द्या.
– एक श्रोता, पुणे