आधी चौक ओलांडू द्या

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

३ जून हा जागतिक सायकल दिन. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये तो जाहीर केला आणि तेव्हापासून त्या दिवशी गावोगावी फेऱ्या निघतात. एकसारखे टी-शर्ट, टोप्या, फोटो, आणि उन्हे चढायच्या आत सगळे घरी. फेरीबद्दल माझी तक्रार नाही, माणसे हौसेने येतात. पण फेरी पांगल्यावर साडेआठला मी माझी बावीस इंची सायकल काढून अशोक चौकातून अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे निघतो. तिथल्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब लिहितो. वाटेत हँडलला डबा अडकवलेले यंत्रमाग कामगार, कॅरिअरवर सुताची पोती बांधलेली पोरे, दप्तर पाठीला लावलेल्या मुली, रिकामे कॅन खडखडवत परतणारे दूधवाले भेटतात. यांना कोणी सायकलस्वार म्हणत नाही. गाडी घेणे परवडले नाही म्हणून सायकलवर राहिलेले लोक, एवढीच त्यांची ओळख. सायकलींचा विचार करायचा तर सुरुवात यांच्यापासून व्हावी, म्हणून हे पत्र.

सोलापूर सायकलला सोयीचे गाव आहे. घाट नाही, टेकड्या नाहीत. १९९२ च्या हद्दवाढीनंतर गाव चारी बाजूंनी पसरले, तरी पूर्व भागातल्या कितीतरी जणांचे घर आणि काम यांत अजूनही चार-पाच किलोमीटरचेच अंतर आहे. एवढे अंतर वीस-पंचवीस मिनिटांत कापता येते. अडतो तो चौकात. सरळ रस्त्यावर आम्ही कसेबसे कडेने निभावतो, पण चौकात शिरलो की डावीकडे वळणारा टेम्पो आम्हाला कापून जातो, मागून डंपर, आणि ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. ‘ओ काका, बाजूला घ्या की!’ असे ओरडतात. बाजूला म्हणजे कुठे? तिथे गटारीचे वर आलेले झाकण, वाळूचा थर, त्यापुढे उभ्या रिक्षा.

आमच्या कारखान्यात टॉवेलला शिलाई मारणारी एक बाई चार वर्षे सायकलवर येत होती. एका चौकात वळणाऱ्या टेम्पोचा धक्का लागून ती पडली. खरचटण्यावर निभावले, पण दुसऱ्या दिवसापासून शेअर रिक्षा. आता जाण्यायेण्याचे भाडे रोजच्या मजुरीतून जाते. तिच्या घरात सायकल अजून आहे, भिंतीला टेकवलेली, चाकांत हवा नसलेली.

सायकलींचा विषय निघाला की नेदरलँड्सचे नाव निघतेच. तिथली माणसे जात्याच सायकलवेडी, असा आपला समज. पण तिथेही १९५० नंतर मोटारींनी रस्ते व्यापले होते. १९७१ या एका वर्षात त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले, आणि सरकारला हलावे लागले. पहिला प्रयत्न फसल्यासारखाच झाला, आणि आपल्या कामाचा तोच भाग आहे. हेग आणि टिलबर्ग या शहरांत एकेक देखणा सायकलमार्ग बांधला गेला, पण शहरातल्या सायकली फारशा वाढल्या नाहीत. पुढे डेल्फ्टने सगळ्या वस्त्यांतून जाणारे, एकमेकांना जोडलेले मार्गांचे जाळे विणले, तेव्हा फरक दिसला. एका चौकात मार्ग तुटला तरी आई मुलाला सायकलवर शाळेत धाडत नाही.

‘तिकडे थंडी, इकडे बेचाळीस डिग्री’ हे उत्तर तयारच असते. स्पेनमधल्या सेव्हिलला उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. त्या शहराने २००६ नंतर चारेक वर्षांत शंभर किलोमीटरहून अधिक जोडलेले मार्ग केले, जागा बरीचशी गाड्या उभ्या करण्याच्या पट्ट्यातून काढली, आणि जिथे सायकल औषधालाही नव्हती तिथे ती रोजच्या वापरात आली. ऊन आपल्याला नवे नाही. कडेला कडुनिंब राखले तर एप्रिलही काढता येतो. (वेड्या बाभळी मात्र काढा. त्यांच्या काट्यांनी महिन्यात दोनदा पंक्चर होते.)

पुण्याचे उदाहरण जवळचे. एके काळचे सायकलींचे शहर. तिथे सायकल ट्रॅक बांधलेही, पण त्यावर दुचाक्या उभ्या राहिल्या, हातगाड्या लागल्या, आणि चौक आला की ट्रॅक गायब. आपण तेच पुन्हा करायचे का?

माझे मागणे स्वस्त आहे. शांती चौकासारख्या ठिकाणी वळणाचे कोपरे आवळून घ्या, म्हणजे टेम्पोला वेग कमी करावाच लागेल. ताशी साठने येणाऱ्या गाडीच्या धक्क्यात तीसच्या चौपट ऊर्जा असते, हे शाळेतल्या विज्ञानाचेच गणित. सिग्नलवर सायकलींना गाड्यांच्या पुढे उभे राहायला पट्टा आखा आणि चार-पाच सेकंद आधी सोडा. पादचाऱ्यांचा पट्टा जरा उंच घ्या. जड वाहनांना कामावर आणि शाळेत जायच्या वेळी बंदी असेल तर ती पाळली जाते का, ते पाहा. नवी पेठेत सायकल लावायला दांड्या रोवा; एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात. आणि रात्रपाळी सुटते त्या रस्त्यावरचे दिवे चालू ठेवा. डायनॅमो आता कोणाच्या सायकलला राहिलेला नाही.

शहरातल्या दोन उड्डाणपुलांची चर्चा आपण वर्षानुवर्षे वाचतो आहोत. ते व्हायचे तेव्हा होवोत, त्यांच्यावरून माझी सायकल जाणार नाही.

आपल्या वार्ताहराला एका सकाळी साडेआठ ते साडेनऊ शांती चौकात उभे करून सायकली मोजायला सांगाल का? मी त्या वेळी तिथेच असतो, डाव्या कडेला एक पाय टेकवून, टँकर पुढे जायची वाट पाहत.

आपला,
एक रोजचा सायकलवाला
अशोक चौक, सोलापूर