ही बॉडिस ती नव्हे

लंडन

ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर 'मी बॉडिस शिवायला शिकतेय' म्हटलं आणि तू एकदम आवाज खाली आणलास. बाबा शेजारीच बसले असणार! अगं, तू समजलीस ते नव्हे. इकडे बॉडिस म्हणजे झग्याचा कमरेवरचा भाग, चारचौघांत मिरवायचा. अर्थात तुझंही चुकलं नाही. हा कपडा आत घालायचा की वर, हा घोळ त्याच्या जन्मापासूनचाच आहे.

मूळ शब्द 'बॉडीज', बॉडीचं अनेकवचन. दोन भाग नाडीने आवळून एक व्हायचे, म्हणून 'पेअर ऑफ बॉडीज'. 1603 साली पहिली एलिझाबेथ वारली तेव्हा अंत्ययात्रेसाठी तिचा पुतळा केला होता. त्या पुतळ्याच्या अंगातली बॉडीज वेस्टमिन्स्टर ॲबीने अजून जपून ठेवली आहे. कापडाच्या दोन थरांत टिपा मारून बारीक बारीक घरं केलेली, आणि त्यांत देवमाशाच्या पट्ट्या सरकवलेल्या. 'व्हेलबोन' म्हणतात, पण ते हाड नव्हेच. माशाच्या तोंडात झालरीसारखं लोंबतं ते. आपल्या नखाच्याच जातीचं. ऊब दिली की वाकतं, गार झालं की तोच आकार धरून बसतं.

आमच्या बाई जुनी बॉडिस दाखवताना आधी विचारतात, नाडी पुढे की मागे? मागे असेल तर बांधायला दुसरं कुणी हवं, म्हणजे बहुधा घरात दासी. काम करणाऱ्या बायकांची बहुतेक पुढे. तेव्हापासून मी चित्रांतही आधी पाठच शोधते. आणि हे शिवायचं कुणी, तर पुरुषांनी! पॅरिसमध्ये 1675 साली शिवणकाम करणाऱ्या बायकांना स्वतःचा संघ मिळाला, पण पट्ट्या भरलेल्या बॉडिसचा हक्क शिंप्यांनी सोडला नाही. मापं बायकांची, टाके पुरुषांचे. मला वर्गात बसल्या बसल्या राग आला.

अठराव्या शतकात पुढे एक त्रिकोणी, नक्षीदार तुकडा असे, तो रोज टाचण्यांनी टाचायचा. कशा हलत-बोलत असतील, कोण जाणे. 1800 च्या सुमारास कंबर थेट छातीखाली चढली आणि बॉडिस वीतभर उरली. पुढच्या पंचवीसेक वर्षांत ती पुन्हा खाली आली.

मला सगळ्यांत आवडतात त्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या. एकाच घागऱ्यावर दोन बॉडिस: दिवसा गळाबंद, लांब बाह्यांची आणि संध्याकाळी उघड्या खांद्यांची. हिशेबी बाई होती ही कल्पना काढणारी! 1870 नंतर तर चिलखतासारखी घट्ट, कमरेखाली उतरणारी फॅशन आली. तू ज्याला प्रिन्सेस कट म्हणतेस, ती खांद्यापासून खाली सलग जाणारी शिवणही त्याच काळात गाजली.

बाहेरून एवढ्या देखण्या, पण आत पाहिलं की काखेत घामाचे डाग, सैल केलेल्या शिवणी, कुणाचं तरी वाढलेलं अंग. मी अस्तरच जास्त वेळ बघत बसते.

आता कामाचं. माझी पहिली बॉडिस कोऱ्या सुती कापडाची आहे. छाती, कंबर नीट बसली, पण हात वर केला की सगळं वर चढतं आणि काखेत चुण्या पडतात. बाई म्हणतात मुंढा वर घे. मला वाटतं टक्स चुकलाय. फोटो पाठवतेय, नीट बघून सांग. आणि बाबांना खुशाल दाखव.

तुझी,
लेक