ब्रायटनहून आबांना

ब्रायटन, रविवार

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्र आई वाचून दाखवेल, पण मजकूर तुमच्यासाठी आहे. इथल्या रॉयल पॅव्हिलियन राजवाड्यात १९१४ च्या डिसेंबरपासून आपल्या जखमी शिपायांचं इस्पितळ होतं, हे फोनवर बोललो होतो. झुंबरांखाली खाटा, आणि जातिधर्म सांभाळायला नऊ स्वयंपाकघरं! त्या नादानं तेव्हाच्या सोल्जरांची बोली वाचायला घेतली, तर त्यातलं कितीतरी आपल्याच छावण्यांतून उचललेलं.

गोरे शिपाई मायदेशाला 'ब्लायटी' म्हणायचे, ते 'विलायती'वरून. जीव वाचेल पण घरी पाठवावंच लागेल अशी गोळी लागली की ती 'ब्लायटी वन', आणि खंदकातले बाकीचे त्याचा हेवा करायचे. फुकटचं ते 'बक्षी'. डोकं फिरलं की 'डूलाली', म्हणजे आपली नाशिकची देवळाली! मुदत संपलेले गोरे तिथं मुंबईच्या जहाजाची वाट बघत उन्हात कुजत पडायचे, त्याला नाव 'डूलाली टॅप'. टॅप म्हणजे ताप. माझी घरमालकीण आपल्या मांजराला डूलाली म्हणते; देवळाली कुठं आहे, तिला पत्ता नाही.

जर्मनांच्या ७७ मिलिमीटर तोफेचा गोळा म्हणजे 'व्हिझ-बँग'. सूं आणि धडाम जवळजवळ एकदमच, आडवं पडायलाही सवड नाही. असल्या गोळ्याला पोरखेळातलं नाव!

आपल्या लोकांची तऱ्हा वेगळी. पत्रं सेन्सॉरच्या हातून जायची, म्हणून ते मिरच्यांची भाषा लिहायचे. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी संपत आली, आता लाल वापरताहेत, असं कुणी लिहिलं की गावाकडं समजून घ्यायचं, आणखी पोरं भरतीला पाठवू नका. सेन्सॉरही काही खुळा नव्हता, त्याला ते कळायचं. म्हणूनच ही पत्रं त्याच्या अहवालांत नोंदलेली सापडतात.

आबा, पिट्ठू, लंगर, बडा खाना हे तुमचे फौजी शब्द आपल्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण '७१ चं विचारलं की तुम्ही "जरा रगडा लागला" म्हणता आणि रेडिओचा आवाज वाढवता. रगडा म्हणजे कवायतीची शिक्षा, हे तुम्हीच सांगितलंय. लढाईला तोच शब्द का, हे लहानपणी विचारायचं सुचलं नाही.

आता विचारतोय. दादा रविवारी घरी असतो, त्याच्या फोनवर रेकॉर्ड करू द्या. पलटणीत कुणाला काय नाव ठेवलं होतं, गोळा आला की काय ओरडायचा, सगळं सांगा. शिव्या गाळू नका. आजी ऐकत बसली तर तिला चहा ठेवायला आत धाडा.

आईला म्हणावं, चटणी पोचली.

तुमचा,
बाळू