‘के-ई-के केक’ लिहिणाऱ्या मुलाला समजून घेणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

नाव छापायचे नाही, या अटीवरच आपण या जाहीर पत्राला होकार दिलात. म्हणून आपला उल्लेख ‘बाई’ एवढाच करते. खानापूर तालुक्यातील आमच्या छोट्या मराठी शाळेत मुलांना इंग्रजी स्पेलिंग समजावून द्यायला आपण गेल्या जूनपासून दर शनिवारी सकाळी, आषाढातल्या संततधारेतही, येत राहिलात. त्याचे आभार तोंडी मानून झाले आहेत. तरीही ते नेमके कशाबद्दल होते, हे लिहून ठेवावेसे वाटले, कारण सीमाभागातल्या मराठी शाळांत पहिली-दुसरीला इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्यासारख्या अनेकजणी आहेत.

कर्नाटकातील सरकारी शाळांत २००७-०८ पासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवले जाऊ लागले. मी ते शिकवीत होते ते असे: ‘सी-ए-टी कॅट’, सगळ्यांनी एका सुरात, दहा वेळा. आमच्या मुलांच्या घरात मराठी आणि बसच्या पाटीवर कन्नड. दोन्ही लिप्या बहुतांशी उच्चाराबरहुकूम चालणाऱ्या. त्यामुळे इंग्रजी स्पेलिंग म्हणजे निव्वळ घोकंपट्टी, तिथे ‘का’ विचारायचे नसते, असे मी स्वतः मानत होते आणि मुलांनाही तेच सांगत होते.

पहिल्याच शनिवारी दुसरीतल्या एका मुलाने ‘केक’चे स्पेलिंग के-ई-के असे लिहिले. मी लाल पेन उचलले तेव्हा आपण मला थांबवलेत आणि त्याला विचारलेत, “असं का लिहिलंस, बाळा?” तो म्हणाला, “केतकीचं नाव तसंच लिहितात की.” त्याचे बरोबर होते. मराठी नावे इंग्रजी अक्षरांत लिहिताना ‘ए’च्या मात्रेसाठी आपण सगळेच ई वापरतो, आणि तोच नियम त्याने प्रामाणिकपणे इंग्रजी शब्दाला लावला होता. इतकी वर्षे मी ज्या चुकांवर फुल्या मारल्या, त्यांतल्या कितीतरी अशाच नियम पाळल्यामुळे झाल्या असतील, या विचाराने त्या दिवशी मला खरोखर ओशाळल्यासारखे झाले.

मग आपण फळ्यावर ‘कॅप’ लिहून शेवटी ई जोडलात आणि ‘केप’ वाचून दाखवलेत. शेवटचा ई स्वतः गप्प राहतो, पण एक व्यंजन ओलांडून मागच्या स्वराला त्याचे स्वतःचे नाव घ्यायला लावतो, हे मुलांना लगेच पटले. मी सवयीने ‘ऱ्हस्व-दीर्घ’ म्हणू लागले, तेव्हा आपण ते शब्द मला वापरू दिले नाहीत. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत स्वर लांबतो, पण इंग्रजीत ‘पिन’ला ई लागला की ‘पाईन’ होते, म्हणजे स्वर पार बदलतो. आपली संज्ञा तिथे लावली तर मुलांचा दोन्ही भाषांत गोंधळ होईल, हे आपले म्हणणे मला रात्री घरी विचार केल्यावर पुरते कळले.

सर्वांत अधिक आभार मात्र सी आणि के यांच्या धड्याचे. ‘कॅट’ला सी आणि ‘किट’ला के का, याचे उत्तर मला पंधरा वर्षांच्या नोकरीत सुचले नव्हते. आपण मुलांना फक्त ‘त्याचा’ आणि ‘त्याची’ हे दोन शब्द मोठ्याने म्हणायला लावलेत. अक्षर एकच, पण ‘त्याचा’मधला च दातांजवळून येतो आणि ‘त्याची’मधला टाळूवरून, कारण पुढे मराठीतला ई हा स्वर आहे. इंग्रजीतला सीसुद्धा पुढे ई, आय किंवा वाय यांपैकी एखादे इंग्रजी अक्षर आले की ‘सिटी’सारखा मऊ होतो; म्हणून तिथे ‘क’ हवा असेल तर के लागतो. जन्मापासून बोलत आलेल्या भाषेतले हे दोन च माझ्याच कानाने कधी टिपले नव्हते.

‘डक’ आणि ‘रॉक’ यांच्या शेवटी सी-के, पण ‘बुक’ आणि ‘मिल्क’ यांच्या शेवटी नुसता के, हे पुढे सहज जमले. ‘हॅव’ आणि ‘गिव्ह’ यांच्यातला ई मागच्या स्वराला हात लावत नाही. इंग्रजी शब्द सहसा व्हीवर संपत नाही म्हणून तो तिथे बसवलेला आहे, हेही मुलांनी मान्य केले. ‘वन’, ‘वॉज’, ‘सेड’ अशा शब्दांना आपण ‘हट्टी शब्द’ म्हणालात आणि ते वेगळ्या तक्त्यावर लिहून सरळ पाठ करून घेतलेत. नियम कुठे थांबतो हे मुलांपासून लपवायचे नाही, हा आपला आग्रह मला विशेष आवडला. ‘आय आधी, ई नंतर’ हा माझा आवडता नियम आपण अपवादांची यादी दाखवून बाद केलात, त्याबद्दल थोडा राग अजून आहे.

आपण सुरू करून दिलेली चुकांची वही मी नेमाने भरते. एका स्वरानंतर शब्दाच्या शेवटी येणारे एफ, एल आणि एस ‘ऑफ’, ‘बेल’, ‘मिस’ यांच्यासारखे दुप्पट होतात, हे शिकवल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिसरीतल्या एका मुलीने ‘बस’ आणि ‘गॅस’ दोन्ही शब्द दोन-दोन एस घालून लिहिले आणि “नियम आहे ना, बाई?” असे मलाच विचारले. ‘बस’ हे ‘ऑम्निबस’चे शेपूट आहे, हे आपण सांगितलेले असल्यामुळे निम्म्या प्रश्नातून मी सुटले. ‘गॅस’चा प्रश्न तारीख घालून वहीत लिहून ठेवला आहे. शनिवारी आपण याल तेव्हा ती पहिल्या बाकावर बसलेली असेल.

आपली नम्र,
मराठी प्राथमिक शाळेतील एक शिक्षिका,
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव